लडाखच्या गोठलेल्या जमिनीसाठी थर्मिस्टरची माळ ठाण्यात कशी तयार करावी

२००७ ते २०१६ या दहा वर्षांत जगभरातल्या पर्माफ्रॉस्टचे, म्हणजे सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ शून्य अंश सेल्सिअसच्या वर न गेलेल्या जमिनीचे, तापमान सरासरी ०.२९ अंशाने वाढले. जीटीएन-पी या आंतरराष्ट्रीय जाळ्यातल्या बोअरच्या नोंदींवरून काढलेला हा आकडा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डोंगराळ भागांतली वाढ ०.१९ अंश आणि सलग गोठलेल्या पट्ट्यातली वाढ ०.३९ अंश दिली आहे. वर्षाचा हिशेब मांडला तर आपल्याला दोन ते चार शतांश अंशांचा बदल पकडायचा असतो. बाजारात सर्वांत सहज मिळणारा डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर अधिक-उणे अर्ध्या अंशाची हमी देतो, म्हणजे जागतिक सरासरीच्या वेगाने जेवढी वाढ व्हायला साधारण सतरा वर्षे लागतील तेवढी चूक तो पहिल्याच दिवशी करू शकतो आणि तरीही माहितीपत्रकाप्रमाणे तो निर्दोष असतो.

या कामातले खणणे, चढणे आणि थंडी सोसणे डोळ्यांत भरते खरे, पण नोंद विश्वासार्ह ठरणार की नाही याचा निकाल बोअर घेण्याच्या कितीतरी आधी कामाच्या टेबलावर लागलेला असतो. ते टेबल वागळे इस्टेटमध्ये असो वा महाप्यात, त्याने काही बिघडत नाही. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची माणसेसुद्धा अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ केंद्रावर जाऊन निरीक्षणे घेतच आली आहेत. लडाखमध्ये दहा मीटरच्या बोअरमध्ये सोडायची अकरा थर्मिस्टरची, म्हणजे तापमानानुसार विद्युतरोध बदलणाऱ्या छोट्या सेन्सरांची, माळ येथे कशी तयार करावी आणि तिथे कशी बसवावी, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे. बोअर घेणे हे परवानग्या आणि यंत्रसामग्री असलेल्या संशोधन संस्थेचे काम असते. कॉलेजच्या गटाने किंवा उपकरणांच्या व्यवसायातल्या माणसाने अशा संस्थेशी आधी बोलून माळ, लॉगर (मोजमापे आपोआप नोंदवणारे यंत्र) आणि कॅलिब्रेशन (सेन्सर ज्ञात तापमानाशी ताडून पाहणे) यांची जबाबदारी उचलावी.

कोणता सेन्सर घ्यावा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत प्लॅटिनमचा पीटी-१०० रोजचा असल्यामुळे पहिला विचार त्याचाच मनात येतो. त्याचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि प्रत्येक अंशाला जेमतेम ०.३९ ओहमने बदलतो. असा सेन्सर दोन तारांनी जोडला आणि केबलचा रोध एक ओहम भरला, तर तापमान अडीच अंशांनी जास्त दिसते. चार तारांच्या जोडणीने ही चूक जाते, परंतु अकरा सेन्सरसाठी चव्वेचाळीस तारांची जाड केबल होते आणि ती जाड केबल स्वतःच वरची उष्णता खाली नेऊ लागते. थर्मिस्टरचे गणित नेमके उलटे आहे. २५ अंशांना १० किलोओहम असणारा नेहमीचा एनटीसी थर्मिस्टर शून्याला ३० ते ३३ किलोओहमच्या आसपास असतो आणि तिथे एका अंशाला सुमारे पाच टक्क्यांनी, म्हणजे दीड हजार ओहमच्या आसपास बदलतो. त्यामुळे केबलच्या एका ओहमने होणारी चूक अंशाच्या सहस्रांशाहूनही कमी राहते. एक तार सामाईक धरली की अकरा सेन्सरना बारा तारा पुरतात.

थर्मिस्टर लॅमिंग्टन रोडवर मिळतात आणि ऑनलाइनही मिळतात, पण घेताना इपॉक्सीच्या थेंबातले न घेता काचेच्या आवरणातले घ्यावेत, कारण काळाबरोबर त्यांचे मूल्य कमी सरकते. अकरा लागणार असतील तर सोळा-सतरा घ्यावेत. कॅलिब्रेशनच्या आधी ते सगळे काही दिवस आळीपाळीने गरम पाण्यात आणि फ्रीजरमध्ये ठेवून त्यांच्यातली सुरुवातीची चलबिचल संपवावी, आणि ज्यांचे शून्याचे मूल्य या फेऱ्यांत हलत राहते ते बाजूला काढावेत. डीएस१८बी२० अगदीच टाकाऊ आहे असे नाही. पृष्ठभागालगत, जिथे एका दिवसात वीस अंशांचाही फरक पडतो, तिथे तो चालतो. मात्र या चिपच्या नकला बाजारात इतक्या आहेत की दुकानदाराच्या ‘साहेब, ओरिजिनल आहे’ या शब्दावर दीर्घकालीन नोंद उभी करू नये.

ओल शिरली की जमीन ‘तापते’

माळ तयार करताना सर्वांत जास्त भीती कशाची बाळगावी असे विचारले, तर माझे उत्तर ओलाव्याची असे आहे. एनटीसी थर्मिस्टरचा रोध तापमान वाढले की घटतो. जोडात ओल शिरली की थर्मिस्टरला समांतर एक गळतीचा मार्ग तयार होतो आणि एकूण रोध घटतो, म्हणजे लॉगरला तापमान वाढल्यासारखे दिसते. गळतीचा रोध एक मेगाओहमवर आला तर शून्य अंशाच्या आसपास ही खोटी वाढ सुमारे ०.६ अंशाची असते, वीस मेगाओहम असताना ती ०.०३ अंशाची, म्हणजे वर्षभराच्या खऱ्या वाढीइतकी असते. ओल हळूहळू, वर्षानुवर्षे वाढत जाते, त्यामुळे आलेखावर उमटणारी चढती रेघ हवामानबदलाच्या रेघेसारखीच दिसते. उपकरणाचा बिघाड आणि शोधायचा परिणाम दोन्ही एकाच दिशेने जातात, तेव्हा अपेक्षित उत्तर मिळाल्याच्या समाधानात कोणी जोड तपासायला जात नाही.

म्हणून प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी, तिच्यावर इपॉक्सी ओतावे आणि मग तयार माळ मिठाच्या पाण्याच्या पिंपात आठवडाभर बुडवून ठेवावी. सगळ्या तारा वरच्या टोकाला एकत्र बांधून त्या आणि पाणी यांच्यामधला रोध मोजावा. साध्या मल्टिमीटरच्या सर्वांत वरच्या पट्टीवरही परिपथ तुटलेला दिसला पाहिजे. मेगर, म्हणजे उच्च विद्युतदाबाने रोध मोजणारे उपकरण, उपलब्ध असेल तर शंभर मेगाओहमच्या खालची माळ स्वीकारू नये. तारा एकत्र बांधलेल्या असल्यामुळे मेगरचा दाब थर्मिस्टरच्या दोन टोकांमध्ये येत नाही, पण ते बांधणे न विसरणे हे ज्याचे त्याने पाहावे.

हे काम ठाण्याच्या पावसाळ्यात करू नये, आणि करणे भागच असेल तर एसी चालू असलेल्या बंद खोलीत करावे. जुलैतली तीस अंशांची आणि ऐंशी टक्के आर्द्रतेची हवा दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम पाणी बाळगते. अशा हवेत एक लिटरचा लॉगरचा डबा घट्ट बंद केला, तर त्यात सुमारे २४ मिलिग्रॅम पाणी, म्हणजे साधारण अर्धा थेंब अडकतो. येथे तो दिसत नाही. डबा उणे दहा अंशांत गेला की तोच अर्धा थेंब दव आणि हिम होऊन सर्किट बोर्डावर बसतो, आणि मोजणीच्या मार्गात गळती करायला तेवढे पुरते. बोर्डावर संरक्षक लेप द्यावा, डबा बंद करण्यापूर्वी कोरड्या खोलीत काही तास उघडा ठेवावा आणि आत ओव्हनमध्ये नुकतीच वाळवलेली सिलिका जेल भरपूर ठेवावी. रंग बदलणारी जेल घेतली आणि डब्याचे झाकण पारदर्शक असले, तर पुढच्या भेटीत डबा न उघडताच आतली हवा कोरडी आहे की नाही ते कळते.

बर्फाचा थर्मास

शून्य अंशाचे कॅलिब्रेशन घरच्या घरी, अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत खात्रीने करता येते, आणि आपल्या कामासाठी सर्वांत महत्त्वाचा बिंदू तोच आहे. रुंद तोंडाचा, किमान दीड लिटरचा स्टीलचा थर्मास घ्यावा. बर्फ डिस्टिल्ड पाण्याचाच करावा. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळते ते पाणी चालते. चेंदणी कोळीवाड्याच्या आसपास माशांसाठी येणारी बर्फाची लादी स्वस्त आणि भरपूर असली तरी तिला हात लावू नये, कारण लिटरला एक ग्रॅम मीठ असले तरी गोठणबिंदू सुमारे ०.०६ अंशाने खाली जातो, आणि मासळीच्या बर्फात किती मीठ मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. हाताच्या घामातही मीठ असते, म्हणून हातमोजे घालावेत आणि बर्फाचे साचे साबणाचा अंश राहणार नाही असे धुऊन घ्यावेत.

फ्रीजरमधून काढलेला बर्फ उणे अठरा अंशांच्या आसपास असतो, शून्यावर नव्हे. तो मिक्सरमधून बारीक करावा, थर्मास त्याने काठोकाठ भरावा आणि मग आधीच गार केलेले डिस्टिल्ड पाणी फटी भरेपर्यंतच ओतावे. कोरडा बर्फ पांढरा आणि अपारदर्शक दिसतो. भिजून तो करडा, किंचित पारदर्शक झाला म्हणजे तापमान शून्यावर आले असे समजावे. थर्मासच्या तळापर्यंत बर्फच असला पाहिजे. बर्फ वर तरंगतो आहे आणि खाली नुसते पाणी आहे, अशी स्थिती झाली की मोजणी थांबवावी, कारण पाण्याची घनता चार अंशांना सर्वाधिक असते आणि शून्याहून उबदार पाणी तळाशी साचून राहते; नेमका तिथेच सेन्सरचा जुडगा टेकलेला असतो. जमलेले जादा पाणी नळीने उपसून वरून बर्फ भरत राहावे. सेन्सरांचा जुडगा किमान पंधरा सेंटीमीटर आत असावा, अन्यथा खोलीतली उष्णता तांब्याच्या तारांतून खाली उतरते. अर्धा तास थांबून, मधूनमधून हलकेच ढवळून, प्रत्येक सेन्सरचा रोध निदान तासभर नोंदवावा आणि संपूर्ण क्रिया नव्या बर्फाने दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. दोन दिवसांच्या मूल्यांत ०.०१ अंशाहून अधिक फरक पडला, तर दोष बहुधा सेन्सरचा नसून बर्फाचा असतो.

थर्मिस्टरच्या रोधावरून तापमान काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्टाइनहार्ट-हार्ट समीकरणात तीन सहगुणक असतात, म्हणून शून्याखेरीज आणखी दोन बिंदू तरी लागतात. उणे दहा, उणे पाच आणि अधिक दहा अंशांचे बिंदू एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून करून घ्यावेत. औद्योगिक वसाहतींमुळे अशा प्रयोगशाळा आपल्या भागात शोधाव्या लागत नाहीत. पैसे भरण्यापूर्वी मात्र प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या तक्त्यात त्या तापमानाला किती अनिश्चितता लिहिली आहे ते वाचावे. अधिक-उणे ०.२ अंशाचे प्रमाणपत्र औषधांच्या शीतगृहाला पुरते, आपल्याला त्याचा उपयोग नाही. शिक्का आणि सही सगळ्यांचीच असते. पाहायचा तो अनिश्चिततेचा आकडा.

लॉगर फ्रीजरमध्ये, माळ बाहेर

थर्मिस्टर उत्तम असूनही मोजणी बिघडते, याचे एक कारण लॉगरमधल्या एका छोट्या रोधकात दडलेले असते. थर्मिस्टरचा रोध एका ठरावीक रोधकाशी ताडून मोजला जातो. नेहमीचा मेटल फिल्म रोधक अंशाला दशलक्षात शंभर भागांपर्यंत बदलू शकतो. ठाण्यात २५ अंशांना जुळवलेला लॉगर लडाखच्या हिवाळ्यात उणे वीसवर गेला की तो रोधक जवळजवळ अर्ध्या टक्क्याने सरकतो आणि तापमानात ०.०९ अंशाची चूक शिरते. डोंगराळ भागातल्या सरासरी वेगाने ही चार-साडेचार वर्षांची वाढ झाली. दशलक्षात पाच भागांचा रोधक थोडा महाग मिळतो, पण तीच चूक सहस्रांशांच्या घरात आणतो. येथे काटकसर करू नये.

चाचणी सोपी आहे. माळ बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवावी, लॉगर मात्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये सरकवावा आणि दार केबलवर अलगद लावावे. तासाभरात लॉगर उणे अठराच्या दिशेने उतरतो; या काळात थर्मासमधल्या सेन्सरांचे शून्य जागचे हलता कामा नये. शिवाय लॉगरच्या एका मोकळ्या मार्गावर ३० किलोओहमचा उत्तम प्रतीचा स्थिर रोधक कायमचा जोडून ठेवावा. त्याचे मूल्य बदलायला कारणच नाही, त्यामुळे उद्या तो बदललेला दिसला तर दोष मोजणीचा आहे, जमिनीचा नव्हे, हे लगेच सिद्ध होते.

मोजणीचा प्रवाह काही मायक्रोअँपिअरइतकाच आणि क्षणभरच द्यावा, नाहीतर थर्मिस्टर स्वतःच्याच उष्णतेने तापतो. बॅटरी लिथियम थायोनिल क्लोराइड प्रकारची घ्यावी. अल्कलाइन सेल कडाक्याच्या थंडीत मान टाकतात आणि मोबाइलमधल्यासारखी लिथियम-आयन बॅटरी शून्याच्या खाली चार्ज केली की खराब होते, त्यामुळे सौर पॅनेल लावून प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. नोंद तासाला एक पुरे. लॉगरमध्ये तापमान साठवू नये, कच्चा रोध साठवावा, म्हणजे पुढे सहगुणक सुधारले तर जुनी सगळी नोंद नव्याने काढता येते. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर आहे की आंतरराष्ट्रीय वेळेवर, हे डब्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावे. साधे घड्याळ वर्षात दहा-बारा मिनिटे सरकते, ते भेटीगणिक टिपून ठेवले की पुरते.

सोसायटीच्या बागेत रंगीत तालीम

माळ लडाखला नेण्यापूर्वी येथल्या मातीत तिची परीक्षा घ्यावी. येऊरच्या जंगलात खणण्याचा विचारही करू नये, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सोसायटीच्या बागेचा एक कोपरा पुरतो, आणि ‘पाण्याची टाकी नाही ना बांधत?’ या सेक्रेटरींच्या प्रश्नाला आधीच लेखी उत्तर दिलेले बरे. दीड मीटर खोल, अरुंद खड्डा घेऊन माळेचा खालचा भाग उभा पुरावा आणि लॉगरचा डबा मुद्दाम उन्हात ठेवावा.

दिवसरात्रीची तापमानाची लाट मातीत बारा ते सतरा सेंटीमीटर उतरेपर्यंत मूळच्या सदतीस टक्क्यांवर येते, आणि तेवढेच पुन्हा उतरली की उरलेल्याच्या सदतीस टक्क्यांवर. या हिशेबाने एक मीटर खोलीवर पृष्ठभागावरच्या दहा अंशांच्या चढउतारातले दोन-तीन शतांश अंशसुद्धा पोचत नाहीत, म्हणजे तिथल्या सेन्सरची रेघ सपाट दिसली पाहिजे. ती सपाट नसेल तर दोष कुठे आहे, हे लाटेच्या वेळेवरून ओळखता येते. मातीतून जाणारी उष्णता उशिरा पोचते. म्हणून खोल सेन्सरवरची लाट डब्याच्या तापमानाबरोबर दुपारीच शिखर गाठत असेल, तर ती मातीतून आलेली नाही, लॉगरच्या रोधकातून आलेली आहे. लाट उशिरा येते पण हवी त्यापेक्षा मोठी आहे, असे दिसले तर नळीतली हवा खेळते आहे किंवा केबल उष्णता वाहून नेते आहे. पहिल्या पावसाच्या सुमारास ही तालीम चालू असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. पाणी मुरले की खालच्या सेन्सरांवर एकदम पायरीसारखा बदल उमटतो. वितळत्या बर्फाचे पाणी लडाखच्या जमिनीतही असेच मुरते, आणि तो बदल ओळखायची सवय येथेच लागलेली बरी.

जागा, परवानग्या आणि बोअर

लेह ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे पर्माफ्रॉस्ट नाही. खारदुंग ला सुमारे ५,३५० मीटरवर आहे. त्याच्या दक्षिणेला लेहच्या वर गांगलास खोऱ्यात आणि साउथ पुल्लूच्या परिसरात या विषयावर आधीच काम झालेले असल्याने नव्या गटाने तशा जागेजवळ राहणे शहाणपणाचे, म्हणजे तुलनेला शेजारची नोंद मिळते. आल्प्समध्ये हिवाळ्याच्या अखेरीस जाड बर्फाच्या तळाचे तापमान घेऊन जागा निवडण्याची पद्धत आहे, आणि ते उणे तीनच्या खाली असेल तर पर्माफ्रॉस्ट असण्याची शक्यता दाट मानतात. पण त्यासाठी सुमारे ८० सेंटीमीटर जाडीचा टिकाऊ बर्फ लागतो आणि लडाखमध्ये तो पुष्कळ ठिकाणी पडतच नाही. त्याऐवजी निरनिराळ्या उतारांवर छोटे लॉगर दहा सेंटीमीटर खोल पुरून वर्षभर ठेवावेत आणि वार्षिक सरासरी पाहून बोअरची जागा ठरवावी. उत्तरेकडे तोंड केलेला सावलीचा उतार आणि समोरचा दक्षिण उतार यांत काही अंशांचा फरक निघाला तर आश्चर्य मानू नये.

प्रशासन आणि वन्यजीव विभाग यांच्या परवानग्या संस्थेमार्फत घ्याव्यात, आणि गावाच्या कुरणात काम असेल तर गावच्या गोब्याला, म्हणजे गावप्रमुखाला, आधी भेटावे; पुढची काही वर्षे त्या डब्याकडे लक्ष ठेवणारे गावकरीच असतात. लेहला पोचल्यावर निदान दोन दिवस काही न करता राहावे.

बोअर पाण्याने न घेता दाबाच्या हवेने घ्यावा. नळी प्लास्टिकची असावी, पोलादाची उष्णता वाहते. नळीचे बूड पक्के बंद असावे. जमीन दरवर्षी गोठताना फुगते आणि नळीला वर उचलते, म्हणून वरच्या दीड-दोन मीटरला बाहेरून ग्रीस लावून त्यावर सैल आवरण घालावे आणि नळीच्या तोंडाची उंची एखाद्या पक्क्या खडकावरच्या खुणेपासून मोजून ठेवावी. नळी पाच सेंटीमीटर वर आली, तर सगळे सेन्सर पाच सेंटीमीटर वर आलेले असतात. सेन्सर ५, २० आणि ५० सेंटीमीटरवर, मग १, १.५, २, ३, ४, ५, ७ आणि १० मीटरवर ठेवावेत. माळेभोवती वाळू भरावी की नळी रिकामी ठेवावी, याबद्दल दोन मते आहेत. माझा कल रिकाम्या नळीकडे आहे, कारण माळ बाहेर काढून पुन्हा बर्फाच्या थर्मासमध्ये तपासता येते. मात्र प्रत्येक दोन सेन्सरांच्या मध्ये फोमची चकती बसवावी आणि तोंड घट्ट बंद ठेवावे, नाहीतर हिवाळ्याची जड, थंड हवा नळीत उतरते. याकुत्स्कमध्ये शेरगिन नावाच्या व्यापाऱ्याच्या प्रयत्नाने १८३७ पर्यंत ११६ मीटर खोल विहीर खणली गेली, पाणी लागले नाही, आणि १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ या निसर्गशास्त्रज्ञाने तिच्या भिंतींत तापमापक ठेवून गोठलेल्या जमिनीची खोलवरची पहिली पद्धतशीर मोजणी केली. तेव्हापासून उघड्या विहिरीतल्या थंड हवेने त्या आकड्यांवर किती परिणाम केला, याचा ऊहापोह होत आला आहे.

वरची केबल लोखंडी नळीत घालून दगडांखाली दाबावी, कारण मार्मोट कुरतडतात आणि याक अंग घासतात. बोअरभोवतीचे दगड होते तसेच परत मांडावेत. पृष्ठभाग मोकळा केला की त्याचे तापमानही बदलते.

आकडे हाती आल्यावर

बोअर घेताना जमिनीत शिरलेली उष्णता निघून जायला महिने लागतात. पहिल्या वर्षाची नोंद जपावी, पण दीर्घकालीन कल काढताना ती धरू नये. त्यानंतर प्रत्येक खोलीवरचे वर्षातले सर्वाधिक आणि सर्वांत कमी तापमान एका आलेखावर मांडले की वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी, तुतारीच्या तोंडासारखी आकृती मिळते. सर्वाधिक तापमानाची रेघ जिथे शून्य ओलांडते, ती उन्हाळ्यात वितळणाऱ्या सक्रिय थराची जाडी. सपाट, मऊ मातीच्या आर्क्टिक प्रदेशात हीच जाडी शंभर मीटरच्या चौरसात १२१ ठिकाणी पोलादी सळई खुपसून मोजतात; लडाखच्या दगडगोट्यांत सळई वाकते, म्हणून माळेवरच भिस्त ठेवावी.

वार्षिक लाट खडकाळ जमिनीत दर तीन मीटरला सुमारे एकतृतीयांशावर येते. दहा मीटरवर पृष्ठभागाच्या चढउताराचे चारेक टक्के उरतात आणि ते सहा महिने उशिरा पोचतात, म्हणजे तिथे सर्वांत उबदार काळ भर हिवाळ्यात येतो. त्यामुळे एका वर्षीचा ऑगस्ट आणि दुसऱ्या वर्षीचा जानेवारी यांची तुलना करून वाढ किंवा घट सांगू नये; पूर्ण वर्षाच्या सरासऱ्याच ताडून पाहाव्यात.

सक्रिय थरातले सेन्सर दरवर्षी आपली परीक्षा आपणच देतात. शरद ऋतूत माती गोठू लागली की तिच्यातल्या पाण्याची गुप्त उष्णता बाहेर पडत राहते आणि सर्व पाणी गोठेपर्यंत तापमान शून्यापाशी थांबते. या थांब्यात एखादा सेन्सर दरवर्षी थोडे थोडे जास्त तापमान दाखवू लागला, तर त्या जोडात ओल शिरते आहे असा संशय घ्यावा. लडाखच्या कोरड्या, भरड जमिनीत पाणी कमी असल्याने हा थांबा लवकर संपतो, म्हणून सर्वांत ओलसर थरातला सेन्सर यासाठी निवडावा.

उणे ०.२ किंवा उणे ०.३ अंशांवर असलेल्या जमिनीत तापमान वर्षानुवर्षे हलले नाही, तरी ‘येथे बदल नाही’ असे लिहू नये. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, आणि तेवढ्यात सुमारे चारशे किलो खडक एका अंशाने तापला असता. शून्याच्या जवळ आलेली, बर्फ धरून असलेली जमीन बाहेरून येणारी उष्णता वितळण्यात खर्च करते आणि तापमापक स्तब्ध राहतो. अशा ठिकाणी संस्थेकडून जमिनीच्या विद्युतरोधाची मोजणीही करून घ्यावी, कारण बर्फाचे पाणी झाले की तो रोध ठळकपणे उतरतो.

दोन-तीन वर्षांनी माळ बाहेर काढून ठाण्याला आणावी, आणि ज्या थर्मासमध्ये, ज्या पद्धतीने पहिले शून्य घेतले होते त्याच पद्धतीने ते पुन्हा घ्यावे. फरक ०.०२ अंशाच्या आत असेल तर नोंद जशीच्या तशी ठेवावी. तो जास्त असेल तर सरकणे सारख्या वेगाने झाले असे गृहीत धरून मधल्या वर्षांत वाटून टाकू नये, कारण ओल एका हिवाळ्यातही शिरते. स्थिर रोधकाची नोंद आणि सक्रिय थरातल्या सेन्सरांचा शून्याचा थांबा पाहून चूक केव्हा सुरू झाली ते शोधावे, आणि ते सापडले नाही तर त्या सेन्सरची मूळ मूल्ये, दोन्ही कॅलिब्रेशन आणि त्यांच्या तारखा यांसह नोंद संस्थेकडे द्यावी, कल मात्र उरलेल्या सेन्सरांवरूनच काढावा.